अकरा जणं, गॉलवे आणि 'सिटी सेंटरपासून १० मिनिटं'वालं घर

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांच्यासाठी: गॉलवे शहर पाचपैकी पाच, ट्रेन साडेचार, टूरवाली बस चार, आणि आम्ही घेतलेलं घर दोन, तेही स्वयंपाकघर मोठं होतं म्हणून. आणि ज्यांना आयर्लंडमधे ग्रुप घेऊन वीकेंडला कुठेतरी जायचंय आणि व्हॉट्सॲपवर पोल टाकून टाकून हात दुखायला लागलेत त्यांनी पुढे वाचा, कारण जे व्हायला नको ते सगळं आमचं करून झालंय.

आम्ही अकरा जणं. मी, नवरा आणि सासूबाई (तीन महिन्यांसाठी डब्लिनला आल्यात), इथलीच एक मैत्रीण, तिचा नवरा आणि त्यांची दोन पोरं, एक नऊचं एक सहाचं, लंडनहून एक जोडपं, आणि म्युनिकहून कॉलेजमधले दोन मित्र. त्यातल्या एकाची चाळिशी हे निमित्त. बेत ठरला जानेवारीत, गेलो मे महिन्यात, आणि मधले चार महिने म्हणजे नुसता गोंधळ.

पहिला गोंधळ व्हिसाचा. म्युनिकवाल्यांना वाटत होतं की जर्मनीचं कार्ड आहे म्हणजे युरोपात कुठेही जाता येतं. नाही हो. आयर्लंड युरोपियन युनियनमधे आहे पण शेंगेनमधे नाही, भारतीय पासपोर्ट असेल तर इथला व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि हे त्यांना फेब्रुवारी संपताना कळलं. झालं शेवटी, पण तिकिटं काढून मग व्हिसासाठी धावाधाव करण्यात काय मजा आहे मला सांगा. लंडनवाल्यांकडे ब्रिटिश पासपोर्ट, त्यामुळे ते निवांत, आणि निवांत माणसंच नवीन आयडिया काढतात ना, तर त्यांनी पोलमधे बेलफास्ट टाकलं. जायंट्स कॉजवे बघू म्हणे, ट्रेन आहे, बॉर्डरवर कोणी अडवत पण नाही. बरोबर आहे, रस्त्यावर चेकपोस्ट नाहीये, पण बेलफास्ट यूकेमधे येतं आणि आमच्याकडे यूकेचा व्हिसा नाही. सासूबाईंच्या पासपोर्टवर फक्त आयर्लंडचा शिक्का, यूकेतही चालेल असा 'BIVS' शेरा त्यावर नाही. कोणी विचारत नाही म्हणून जायचं असलं धाडस मी तरी करत नाही. बेलफास्ट कट.

मग राहिलं काय? डब्लिनला आम्ही राहतोच, आणि वीकेंडचे हॉटेलांचे रेट बघितले की पाहुण्यांना आपल्याच हॉलमधे गाद्या घालून द्याव्यात असं वाटतं. किल्केनी माझं लाडकं आहे, किल्ल्यापासून कॅथेड्रलपर्यंत सगळं जुनं गाव पायी होतं, पण ते अर्ध्या-पाऊण दिवसाचं काम, दोन रात्री अकरा माणसांना तिथे रमवायचं म्हणजे अवघड. कॉर्कला इंग्लिश मार्केट आहे, खाणाऱ्यांसाठी मस्त, पण बर्थडे बॉयला अटलांटिक बघायचा होता. म्हणून गॉलवे. आणि हा निर्णय शंभर टक्के बरोबर निघाला, चुकलं ते घर.

तारखेचं आधी बोलते. गॉलवेला जुलैमधे आर्ट्स फेस्टिव्हल असतो, त्याला लागून जुलैअखेर घोड्यांच्या शर्यती, त्या आठवड्यात गावात उभं राहायला जागा नसते आणि रूमचे भाव बघूच नका. सप्टेंबरात ऑयस्टर फेस्टिव्हल. बाकी वर्षभर शनिवार-रविवार बॅचलर पार्ट्यांचं गाव आहे ते, गुलाबी पट्टे घातलेल्या नवरीच्या मैत्रिणी आणि कसलेतरी विचित्र कपडे घातलेले नवरदेवाचे मित्र दर दहा पावलांवर. याचा ग्रुप बुकिंगवर थेट परिणाम होतो, कारण बरेच घरमालक मोठा ग्रुप म्हटलं की आधी 'पार्टी आहे का' हेच विचारतात आणि तसं असेल तर देत नाहीत. आमच्या मालकानेही विचारलं. मी लिहिलं, चाळिशीचा वाढदिवस आहे आणि सोबत माझ्या सासूबाई आहेत. पाच मिनिटांत कन्फर्म! सासूबाईंचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता गाडी. खरं तर पहिला प्लॅन होता मोठी व्हॅन भाड्याने घ्यायची. तर इथलं गणित असं की साध्या कार लायसन्सवर ड्रायव्हर धरून नऊ सीटची गाडी चालवता येते, त्याच्या वर वेगळं लायसन्स. आम्ही अकरा! म्हणजे नऊची एक आणि अजून एक छोटी, दोन ड्रायव्हर, दोन डिपॉझिट, त्यात डिपॉझिटला बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डच लागतं, शिवाय पोरांना सीट लागतात (१५० सेंटिमीटर उंची किंवा ३६ किलो वजन होईपर्यंत सक्तीच आहे). आणि दोघं ड्रायव्हर म्हणजे दोघं संध्याकाळी नुसतं लिंबूपाणी पिणार, ती दोघं कोण यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण. म्हणून ट्रेन. तुमचा ग्रुप नऊच्या आत असेल तर व्हॅन घ्या, दहावा माणूस वाढला की विचार सोडा.

ट्रेनचं मात्र कौतुक करते. डब्लिन ह्यूस्टनहून गॉलवे, अडीच तासाच्या आसपास, थेट. आधी ऑनलाइन काढलं तर तिकीट चांगलंच स्वस्त पडतं आणि सीट रिझर्व्ह होते, आणि सीटच्या वर छोट्या डिस्प्लेवर तुमचं नाव येतं. सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा ट्रेनमधे स्वतःचं नाव लायटीत दिसलं, आडनाव निम्म्यात कापलेलं होतं तरी त्यांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमची गाडी'. चार-चार जणांची टेबलं मिळाली, पुऱ्या आणि लसणाची चटणी निघाली, अथलोनला शॅनन नदी ओलांडेपर्यंत डबा रिकामा. अर्धा स्टार कापला कारण शुक्रवारी संध्याकाळी गर्दी इतकी की आमच्या नावाच्या सीटवर दुसरेच बसलेले, उठवायला संकोच वाटतो, पण बिचारे सॉरी म्हणून लगेच उठले. बस पण आहे, डब्लिन एअरपोर्टवरून थेट गॉलवेला जाते, त्यामुळे लंडनवाले विमानातून उतरून शहरात न येता परस्पर बसने आले. ही आयडिया त्यांची चांगली होती, कबूल.

आता घर.

जाहिरातीत लिहिलेलं 'गॉलवे, सिटी सेंटरपासून १० मिनिटं, १२ जणांची सोय'. नकाशावर गोल दाखवतात ना, बरोबर ठिकाण बुकिंग झाल्यावरच कळतं, तो गोल इतका मोठा होता की त्यात अर्धी काउंटी बसेल. शहरात चालत अंतरावरचं दुसरं घर दोन रात्रींसाठी ४०० युरोने महाग होतं. मी एक्सेल शीट केलेली (हो, मीच ती), त्यात हिरव्या रंगात रंगवलं, '४०० बचत', सगळ्यांनी अंगठे दिले. प्रत्यक्षात ते घर ओरनमोरच्याही पुढे, आणि ती १० मिनिटं म्हणजे बहुतेक पहाटे चार वाजता रिकाम्या रस्त्यावर मोजलेली असणार. गॉलवेचं ट्रॅफिक आयर्लंडभर बदनाम आहे, रिंग रोडची चर्चा वर्षानुवर्षं चाललीये, आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो चाळीस मिनिटांनी. शेवटचा टप्पा म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधून एक गाडी जाईल एवढा रस्ता, फुटपाथ नाही, दिवा नाही. फोटोला सुंदर. पण रात्री पोरांना आणि सासूबाईंना घेऊन बस स्टॉपपर्यंत चालत जायची कोणाची छाती नाही.

म्हणजे प्रत्येक वेळी टॅक्सी. अकरा जणांना एक मोठी आठ सीटची आणि एक साधी. इथे टॅक्सीचे दर सरकारने ठरवलेले आणि मीटर देशभर एकच, ते ठीक, पण रात्री आठ ते सकाळी आठ आणि रविवारी पूर्ण दिवस जास्तीचा दर, आणि वीकेंड ट्रिप म्हटलं की तुम्ही टॅक्सीत बसता ते नेमकं याच वेळेत. शिवाय मोठी टॅक्सी लगेच मिळेलच असं नाही. तीन दिवसांत सगळ्या मिळून सहा फेऱ्या झाल्या आणि स्प्लिटवाइजवर (खर्च वाटून घ्यायचं ॲप) आकडा आला ३५० च्या वर. वाचवलेले ४०० असे गेले, आणि टॅक्सीची वाट बघण्यात गेलेले तास वेगळेच, त्यांची रांग माझ्या शीटमधे नव्हती.

घराच्या आत. 'सोय १२ जणांची' यात चार जण सोफा-बेडवर धरलेले, त्यातला एक सोफा उघडतच नव्हता, म्युनिकवाले दोघं मिळून ओढत होते आणि बर्थडे बॉयची पाठ तिथेच धरली, चाळिशी लागली म्हणजे काय ते त्याला त्याच क्षणी कळलं. बाथरूम दोन. आणि मग गरम पाणी. मालकाने फ्रिजवर चिठ्ठी लावलेली, इमर्शनचं (म्हणजे पाणी तापवायच्या हीटरचं) बटण हॉट प्रेसमधे आहे, वापर झाला की आठवणीने बंद करा. आता हॉट प्रेस म्हणजे काय? लंडनवाला म्हणाला इस्त्री असेल, म्हणून तो इस्त्री शोधत घरभर फिरला. हॉट प्रेस म्हणजे आयरिश घरातलं ते कपाट, ज्यात गरम पाण्याची टाकी असते आणि वर फळ्यांवर टॉवेल-चादरी उबेला ठेवतात. मी इतकी वर्षं इथे राहून मला माहीत, पण आमच्या अपार्टमेंटमधे ते नाहीये त्यामुळे वापरायची वेळ आली नव्हती. आत दोन बटणं, एक चालू-बंद, दुसऱ्यावर 'सिंक' आणि 'बाथ'. सिंकवर ठेवलं तर टाकीचा वरचाच भाग तापतो, म्हणजे दोघांची अंघोळ, बाथवर ठेवलं तर पूर्ण टाकी पण तास-दीड तास थांबा. आपला गीझर बरा, लाल दिवा गेला की कळतं. इथे लाल दिवा पण नाही, हात लावून बघायचं. एका बाथरूमला दोरी ओढून चालू होणारा इलेक्ट्रिक शॉवर होता म्हणून वाचलो, त्याला टाकी लागत नाही. शनिवारी सकाळी त्या दोरीसमोर रांग होती.

मालक माणूस वाईट नाही, मेसेजला उत्तर लगेच देत होता. पण १० मिनिटं हे कशाने, पायी का गाडीने का हेलिकॉप्टरने, हे लिहायला काय जातं? माझा नियम आता एकच, ग्रुपने गॉलवेला जायचं तर घर आयर स्क्वेअरपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत, मग खोल्या लहान चालतील, महाग चालेल, सोफ्यावर झोपणं चालेल. स्टेशन, कोच स्टेशन, शॉप स्ट्रीट, म्युझियम, नदी, सगळं त्या एवढ्याशा गावात पायाखाली आहे, ज्याला कंटाळा आला तो आपला आपण घरी जातो, दहा जणांना उठवावं लागत नाही. गावाबाहेरच्या घरात अकरा माणसं म्हणजे एकाला शू आली तरी वरात निघते.

शनिवारी आम्ही शहाणपणा करून ग्रुप फोडला. हे जरूर करा, प्लीज, सगळीकडे सगळे एकत्र हा हट्ट सोडा. सात जण क्लिफ्स ऑफ मोहरच्या डे टूरला गेले. सासूबाई, मी, मैत्रीण आणि तिचं धाकटं, आम्ही चौघं गावात.

टूरबद्दल नवऱ्याच्या तोंडून: बस वेळेवर, ड्रायव्हर गप्पिष्ट, जाताना किनवारा आणि मग बरेन, तो सगळा करड्या चुनखडीच्या कातळाचा मुलूख, त्यात पोलनाब्रोनचं डोल्मेन, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची दगडी समाधी. नऊ वर्षांचा पोरगा म्हणाला, 'एवढंच?' आणि ड्रायव्हरसकट सगळी बस हसली. कडे सर्वात उंच जागी २१४ मीटर, साधारण आठ किलोमीटर पसरलेत, आणि आमचे लोक पोचले तेव्हा पूर्ण धुकं. पांढरी भिंत. खालून समुद्राचा आवाज येतोय, पक्षी ओरडतायत, आणि समोर काही म्हणजे काही नाही. दोन तासांतली दहा मिनिटं धुकं फाटलं आणि तेवढ्यात जे दिसलं त्याबद्दल नवरा अजून बोलतोय. मी आधी लख्ख उन्हात बघितलेत, छान आहेत, पण त्याच्या दहा मिनिटांपुढे माझा पूर्ण दिवस फिका पडला बहुतेक. एक स्टार कापला तो जेवणाच्या थांब्यासाठी, व्हेजमधे सूप आणि ब्रेड, आणि सूप दोनदा विचारूनही कशाच्या पाण्यात केलंय ते कोणाला सांगता आलं नाही. छत्र्या नेऊ नका, वाऱ्याने उलट्या होतात, रेनकोट न्या.

अरान बेटांचं पण पोलमधे होतं. इनिश मोर फार सुंदर आहे, पण गॉलवेहून रोसाव्हीलपर्यंत बस, मग ४० मिनिटं बोट, तिथे सायकली, डून एंगसचा किल्ला कड्याच्या टोकावर आणि कड्याला कठडा नाही. सहा वर्षांचं पोर आणि सासूबाई घेऊन मी तिथे जात नसते. तीन रात्री असतील आणि समुद्र लागत नसेल तर जा.

आता आमचा गावातला दिवस, जो माझ्या मते त्या सात जणांपेक्षा भारी झाला. शनिवारी सेंट निकोलस चर्चच्या बाजूला बाजार भरतो. चर्च १३२० चं, कोलंबस इथे प्रार्थनेला आला होता असं गावातले सांगतात. बाजार म्हणजे भाज्या, ब्रेड, चीज, गरमागरम डोनट, फलाफल, सगळं एका बोळात. सासूबाई मालवणकडच्या, त्यांना भाजीत रस नाही, त्या मासे शोधत होत्या. पुढे एका ठिकाणी बर्फावर मांडलेली कालवं दिसली. गॉलवेचं खरं देशी कालव सप्टेंबर ते एप्रिलच खातात, मे महिन्यात मिळतं ते दुसऱ्या जातीचं, वर्षभर वाढवलेलं, हे तिथल्या माणसाने आपणहून सांगितलं. मग त्याने सुरीने एक उघडलं, लिंबू पिळलं आणि शेजारच्या बाईला दिलं, ती एका घोटात गिळून मोकळी. सासूबाई दोन पावलं मागे. "हे कच्चीच खातत?" मी म्हटलं हो, हीच इथली खासियत. पूर्ण दिवस त्यांना ते पचलं नाही. एवढी चांगली कालवं, कांद्या-खोबऱ्याचं वाटण लावून काय सुंदर झाली असती, हे त्यांनी शॉप स्ट्रीटवर, म्युझियममधे आणि संध्याकाळी टॅक्सीत, असं तीनदा म्हटलं.

टॅक्सीवरून आठवलं. ड्रायव्हरने विचारलं कुठून आलात, इंडिया म्हटल्यावर तो लगेच इथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्यावर घसरला (त्याचं मत काही चांगलं नव्हतं, ते सोडा). सासूबाईंना इंग्रजीतलं 'वराडकर' तेवढं कळलं आणि त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, वराड आमच्या मालवण तालुक्यात, त्यांचे वडील तिथलेच. मी भाषांतर केलं. त्यानंतर घर येईपर्यंत तो माणूस फक्त सासूबाईंशी बोलत होता आणि सासूबाई फक्त मान हलवत होत्या.

नदी बघाच. कॉरिब जेमतेम सहा किलोमीटरची, तलावातून निघते आणि गावातून धावत समुद्रात जाते, पण जोर असा की स्पॅनिश आर्चपाशी उभं राहिलं तर पाण्याकडे बघून गरगरतं. पोरांचा हात सोडू नका तिथे. पलीकडे क्लॅडा, जुनी कोळ्यांची वस्ती, तिथले हंस, आणि ती दोन हातांत बदाम आणि वर मुकुट असलेली अंगठी इथलीच. की स्ट्रीटवर (पाटीवर 'क्वे' वाचाल, म्हणतात 'की') डिलन्सचं दुकान आहे, १७५० पासूनचं, मागे छोटंसं म्युझियम पण आहे. बदामाचं टोक आपल्याकडे का बाहेरच्या बाजूला यावरून माणूस मोकळा आहे का गुंतलेला ते कळतं. मैत्रिणीने घेतली. सासूबाई वजन विचारून गप्प बसल्या.

दुपारी सॉल्टहिल. समुद्राकाठी लांबच लांब रस्ता, शेवटी एक भिंत, आणि तिथे पोचलं की भिंतीला लाथ मारून परत फिरायचं असा रिवाज आहे. का ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. धाकट्याने सात वेळा मारली. बाजूच्या उंच फलाटावरून त्या गार पाण्यात साठीतल्या बायका धडाधड उड्या मारत होत्या, सासूबाई बराच वेळ बघत उभ्या होत्या.

संध्याकाळी सगळे एकत्र. अकरा जणांचं टेबल महिनाभर आधी बुक केलेलं, माणशी डिपॉझिट, ठरलेला मेन्यू, दोन तासांत उठायचं, आणि मोठ्या ग्रुपला सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो हे बिल आल्यावर कळलं. नाव घेत नाही, जेवण ठीक होतं, व्हेजवाल्या तिघांना मशरूम रिसोटो, जो आयर्लंडमधे व्हेज माणसाला नशिबात लिहिलेलाच असतो. त्यापेक्षा रविवारी डो ब्रदर्सचा पिझ्झा खाल्ला तो कितीतरी सरस, आणि मॅकडोनाज, ते १९०२ पासूनचं फिश अँड चिप्सवालं, तिथे बसून खायची बाजू वेगळी आणि काउंटरची वेगळी, काउंटरवरून घेऊन नदीवर जाऊन खा. फक्त सीगल सांभाळा, म्युनिकवाल्याच्या हातातून अर्धा मासा गेला. कडक शाकाहारी असाल तर आयर्लंडमधे कुठेही चिप्स घेताना कशात तळलेत ते विचारा, काही जुन्या दुकानांत अजून गाईची चरबी वापरतात.

मग पब. पोरं सोबत असतील तर लक्षात ठेवा, अठराच्या आतल्यांना रात्री नऊनंतर बारमधे थांबता येत नाही, मे ते सप्टेंबर दहा वाजेपर्यंत चालतं. म्हणून आम्ही लवकरच्या सेशनला टिग कोइलीला गेलो. अकरा जणं एकत्र बसायचं विसरा, पब आहे खोलीएवढा, आम्ही दोन-दोन जण जागा मिळेल तिथे शिरलो. कोपऱ्यात एका टेबलाभोवती फिडल, बासरी, आणि डफासारखं ते बॉडरान घेऊन पाच-सहा जण बसलेले, स्टेज नाही, माइक नाही. एकाने सुरू केलं, बाकीचे एकेक करत शिरले, सूर बदलला तरी कोणी कोणाकडे बघत नाही. त्यांच्या खुर्च्या आणि टेबल सोडायचं, मधेच फर्माईश करायची नाही, एवढं पाळा. सासूबाईंना एका आजोबांनी उठून जागा दिली, बरोबर बॉडरानवाल्याच्या मागे. अर्ध्या तासाने मी विचारलं कंटाळा आला का, तर म्हणाल्या, "अगं आपल्या भजनी मंडळासारखंच की, पुढचं कुठलं ते कोण कोणाला सांगतच नाही." आणि हाताने मांडीवर ताल धरलेला. बाहेर पावणेदहापर्यंत उजेड होता. आम्हाला निघावं लागलं कारण मोठी टॅक्सी तेवढ्यालाच मिळत होती. नाहीतर अजून दोन तास बसलो असतो. त्या ४०० युरोंचा राग मला तिथे आला, खरंच.

रविवारी सकाळी पोहे. फोडणीत मिरची पडली आणि घरातले तिन्ही स्मोक अलार्म एकदम. लंडनवाला खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, पोरं कानावर हात ठेवून नाचतायत, सासूबाई म्हणतायत गॅस बंद करू का, आणि तो गॅस नाहीये, इंडक्शन आहे. भाड्याच्या घरात फोडणी करायची तर आधी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, चिमणी फुल, मग तेल. उरलेलं सामान आवरून, कचरा तीन रंगांच्या डब्यांत वेगवेगळा घालून (चिठ्ठीत अर्धं पान त्यावरच होतं) परत टॅक्सी, परत जास्तीचा दर. बर्थडे बॉयला दुपारी ट्रेनसाठी बिअर घ्यायची होती तर दुकानात रविवारी साडेबाराच्या आधी विकतच नाहीत, तो शटर लावलेल्या कपाटासमोर वीस मिनिटं उभा होता.

तेवढ्या वेळात आम्ही कॅथेड्रलला जाऊन आलो. दिसतं जुनं पण १९६५ चं आहे, पूर्वी त्या जागी तुरुंग होता. शेजारी सॅमन विअरचा पूल, त्याला लागून २०२३ मधे चालणाऱ्यांसाठी नवीन पूल झालाय, तिथून खाली प्रवाहाविरुद्ध स्थिर उभे असलेले सॅमन दिसतात म्हणे. सासूबाईंना दिसले. बाकी कोणाला नाही. (क्रिकेटवाल्यांसाठी: रणजितसिंहांनी १९२४ मधे कोनेमारात बॅलिनाहिंचचा वाडा विकत घेतला होता, गॉलवेहून गाडीने जाता येतं, आता हॉटेल आहे. म्युनिकवाल्याला हे परतीच्या ट्रेनमधे कळलं आणि त्याने माझ्याशी अथेनराय स्टेशनपर्यंत अबोला धरला.)

अथलोन येईपर्यंत सगळे झोपलेले. तेवढ्यात घरमालकाचा मेसेज. घर छान ठेवलंत, धन्यवाद, पण इमर्शन 'बाथ'वर चालू राहिलेला होता, म्हणून डिपॉझिटमधून ३० युरो कापतोय. मी मोठ्याने वाचलं. दहा जणांनी एकमेकांकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "मी बंद केलेला." मग थोड्या वेळाने, "वर म्हणजे बंद ना?"